परत आलेल्या वीराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या शहापुरातला चार खेळाडूंचा गट टेबलावर बसून रोल-प्लेइंगचा खेळ खेळतो: प्रत्येक जण गोष्टीतला एक हिरो होतो आणि फासे टाकून त्याचं काय होतं ते ठरतं. दर रविवारी तीन तासांचं सेशन, सगळं मराठीतून. जग कल्पनेतलं, पण नकाशा ओळखीचा. मलप्रभेसारखी एक नदी, उगमाकडे दाट जंगल, खाली काळी कोरडी माती. नदी दरवर्षी थोडी आधी आटते आणि जंगलातून रात्री काहीतरी खाली उतरतं. राजाला त्याचं सोयरसुतक नाही. आठ सेशन झाली, हिरोंनी तीन गावं वाचवली आणि त्यांच्या अंगावर ओरखडाही नाही. जीएमनं (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मग प्रत्येकाला वेडाचे दहा गुण दिले, धक्का बसला की घटणारे. खेळाडूंनी त्याचा तमाशा केला, 'माझं चारावर आलं की ओ' म्हणत हसत बसले. शेवटी एक हिरो मारला, तर त्या खेळाडूनं दहा मिनिटांत दुसरा लिहून आणला. अशा काळ्या जगात वीर असण्याची किंमत खेळात बसवायची कशी?

आधी मरणाचं बघू, कारण सगळे जीएम तिथेच हात घालतात. टेबलावर मरण सगळ्यात स्वस्त पडतं. दहा मिनिटं आणि एक कोरा कागद, एवढाच त्याचा खर्च. आपल्या जुन्या समाजालासुद्धा मेलेल्या वीराचं काय करायचं हे नीट ठाऊक होतं. खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती भागात बऱ्याच जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्याच्या आठवणीचा कोरीव दगड, सापडतो. बहुतेकांवर तीन चौकटी असतात. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा पळवून नेलेल्या गुरांसाठी झालेली. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्याच्या घराला जमीन मिळायची. जुन्या कन्नड शिलालेखांत तिला 'नेत्तरु कोडगी' म्हणतात, म्हणजे रक्ताची इनाम जमीन. शेजारी कधी सतीशिळा असते: कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात. म्हणजे घरानं काय भरलं, तेही दगडावर आहे.

जो हात गमावून परत आला, त्याच्यासाठी मात्र अशी दगडाची रीत नव्हती. तुमचा खेळ नेमका त्या माणसाचा करा. त्याची किंमत तीन ठिकाणी वसूल होते: वर्षाच्या दिवसांत, अंगावर आणि उंबऱ्याच्या आत. वेडाचे गुण फाडून टाका.

दिवसांपासून सुरुवात करा, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. वर्षाचे 27 चौकोन आखा, एक चौकोन म्हणजे एक नक्षत्र. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13 ते 14 दिवस असतो, त्यामुळे 27 चौकोनांत वर्ष बरोबर बसतं. शिवाय हे कॅलेंडर खेळाडूंना शिकवावं लागत नाही. मृगाची पेरणी, तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस हे घरात आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. प्रत्येक मोहिमेला किमान एक चौकोन जातो. नदीच्या उगमाकडून खालच्या काळ्या मातीपर्यंत चार-पाच दिवसांची पायवाट धरा. जाऊन, लढून, परत यायला एक नक्षत्र सहज खर्ची पडतं.

आता प्रत्येक हिरोला एक घर आणि अडीच एकर कोरडवाहू द्या. घरात पाच तोंडं. रोजची दोन किलो ज्वारी धरली तर एका नक्षत्राला 27 किलो, वर्षाला 730. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी तीन क्विंटल धरली तर अडीच एकरांत साडेसात क्विंटल, म्हणजे 27 नक्षत्रं जेमतेम. टेबलावर एक वाटी ठेवा आणि तिच्यात चवळीचे 27 दाणे घाला. एक चौकोन सरला की एक दाणा बाहेर. पण सुगीच्या दिवशीच त्यातले पाच दाणे सरकारचा वाटा, बलुतं आणि बियाणं म्हणून काढून घ्यायचे. उरले 22. चांगल्या वर्षातसुद्धा पाच नक्षत्रं तुटीची! राक्षस आणायच्या आधीच जग काळं झालं, आणि तुम्हाला एकही भयाण वर्णन करावं लागलं नाही.

हे वाटीचं प्रकरण कागदावर आकड्यात लिहू नका. आकडा खोडताना कुणाला काही वाटत नाही. दाणा उचलताना वाटतं.

रब्बीची पेरणी हस्त किंवा चित्रा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. ज्वारीला चारेक महिने लागतात, म्हणून हस्तात पेरलेली श्रवणाच्या आसपास काढणीला येते, नऊ चौकोन पुढे. काळ्या मातीतली ओल थांबत नाही. तेव्हा नियम असा करा: हस्त आणि चित्रा या दोन्ही चौकोनांत हिरो घरी नसेल तर पेरणी शेजाऱ्याच्या भरवशावर. दोन फासे टाका. नऊ किंवा जास्त पडले तर अर्धं पीक, नाहीतर वाटी रिकामी. आणि संकट नेमकं याच दोन चौकोनांत आणा. दरवर्षी नको, तीन वर्षांतून एकदा पुरे. गाव वाचलं की नाही, हे त्या रविवारी कळेल. त्या गावापायी स्वतःच्या घरात काय झालं, ते नऊ चौकोनांनी, दोन-तीन महिन्यांच्या खेळानंतर, श्रवणात कळेल. किंमत अशी उशिरा यावी लागते. त्याच संध्याकाळी आली तर खेळाडू तिला दंड समजतो आणि भरून मोकळा होतो.

जमिनीबद्दल अजून एक. ती हिरोच्या मालकीची ठेवू नका, चाकरीची ठेवा. आपल्याकडे शेतसनदी होते: गावची राखण करायची, बोलावलं की शस्त्र घेऊन जायचं, बदल्यात जमीन कसायची. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेले संगोळ्ळी रायण्णा शेतसनदीच होते. 1824 ला कित्तूर पडलं, चन्नम्मा राणी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत 1829 ला वारल्या, आणि रायण्णांना 26 जानेवारी 1831 ला नंदगडला फाशी दिलं. आज तिथल्या वडाला बायका मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. गोष्ट म्हणून हे सगळ्यांना पाठ आहे. नियम म्हणून त्यातलं उपयोगाचं एवढंच, की ज्याच्याविरुद्ध शस्त्र उचलायचं त्याच्याच सनदेवर घरची चूल पेटते. तुमच्या राजाला हिरोंचं पडलेलं नाही म्हणता, पण त्याच्या कारकुनाला जमिनीचं नक्की पडलेलं असणार. हजेरीला दोनदा गैरहजर, की जमीन दुसऱ्याच्या नावावर. गाव वाचवत होतो हे कारण त्या वहीत लिहायला रकाना नाही.

अंगावरची किंमत लोक जास्त आणतात, म्हणून इथे थोडक्यात. तलवार एक-दीड किलोची, कड्यांचं चिलखत आठ ते बारा किलोचं. त्यानं माणूस दमतो, पण ती खरी किंमत नव्हे. गंज मात्र खेळात आणा. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीकडे, पाऊस मीटरात मोजायचा असतो, सौंदत्ती-रामदुर्गला तोच पाच-सहाशे मिलिमीटरवर आटपतो. जंगलात दोन नक्षत्रं काढलेलं लोखंड आणि चामडं परत आल्यावर तपासायला लावा.

जखमांना गुण नकोत, चौकोन द्या. मनगटापासून कोपरापर्यंतचं हाड मोडलं तर सहा ते आठ आठवडे, म्हणजे चार चौकोन. मांडीचं हाड, ऑपरेशन नसलेल्या जगात, बारा आठवड्यांहून जास्त पडून राहणं; सात चौकोन, आणि उठल्यावर तो पाय बहुधा आखूड. धनुर्वात बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसतो, म्हणून खिळा लागल्यासारख्या किरकोळ जखमेचा फासा लगेच टाकू नका. एक चौकोन जाऊ द्या. खेळाडू ती जखम विसरलेला असेल, आणि मग न्याहारीला त्याचा जबडा उघडेना. असं एका मोहिमेच्या साखळीत एकदाच करा. दुसऱ्यांदा केलंत तर खेळाडू प्रत्येक ओरखड्यावर तासभर औषधपाणी करत बसतील.

फाशांचं गणितही बघून ठेवा, नाहीतर घसरगुंडी लागते. दोन सहापैलू फासे आणि सात किंवा जास्त म्हणजे यश, असं धरलं तर शक्यता 36 पैकी 21, म्हणजे 58 टक्के. जखमेपायी बेरजेतून एक वजा केला की 15, म्हणजे 42 टक्के. दोन वजा केले की 10, 28 टक्के. तीन वजा केले तर 6 उरतात, सहातून एकदा, आणि खेळाडू फासे टाकायचंच सोडतो. म्हणून कायमची वजाबाकी कुठल्याही कामात दोनच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढची जखम फाशातून काढून रोजच्या वागण्यात ढकला.

ते कसं, याचं एक उदाहरण नीट बघा. समजा हिरोच्या उजव्या तळहातातल्या कंडरा, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या, तुटल्या. जखम भरली, पण बोटं मिटत नाहीत. तलवारीला एक वजा, झालं. आता त्याला जेवायला बसवा. ताटात गरम, मऊ भाकरी. मऊ भाकरी मोडायला एका हातानं धरावी लागते आणि दुसऱ्यानं तोडावी लागते, नाहीतर एका हाताची बोटं तरी तिच्यावर घट्ट रोवावी लागतात. त्याला जमत नाही. ती ताटभर सरकते, खालचा झुणका उपसते. घरातली सगळी जणं दुसरीकडे बघतात. आठवड्यानं बायको न विचारता त्याच्यासाठी कडक भाकरी करायला लागते, वाळवून ठेवलेली, पापडासारखी, अंगठ्यानं दाबली की तुटणारी. खेळाडूच्या शीटवर, म्हणजे हिरोची माहिती लिहिलेल्या कागदावर, 'कडक भाकरीच खातो' एवढंच लिहा. पुढे कुठल्याही गावात पाहुणचाराला बसला आणि ताटात मऊ भाकरी आली, की टेबलावरचे चौघेही गप्प होतात. शक्य असेल तर खरी भाकरी आणा आणि खेळाडूला उजव्या हाताच्या फक्त अंगठ्यानं आणि मनगटानं मोडायला सांगा. एकदाच. दुसऱ्यांदा त्याचा खेळ होतो.

आता उंबऱ्याच्या आतलं. तुमचे वेडाचे गुण इथेच फसले. भीतीला आकडा दिला की खेळाडू तो पेट्रोलच्या काट्यासारखा बघतो. त्याऐवजी सवयी द्या. मोठा धक्का बसला की खेळाडूनं स्वतः एक सवय निवडायची, आणि ती अशी हवी की बाहेर कामाला येते आणि घरात नडते. दाराकडे पाठ करून बसत नाही. छताखाली झोपत नाही. झोपेतून कुणी हलवलं की आधी गळा धरतो. भाकरीचा तुकडा कमरेला बांधून ठेवतो. माणसं मोजल्याशिवाय खोलीत शिरत नाही. बाहेर, संकटात, त्या सवयीचा एक अधिक. घरात, माणसांशी वागताना, एक वजा. जास्तीत जास्त तीन सवयी.

यात काय होतं, तर हिरो जितका जंगलात वाकबगार होत जातो तितका घरातून सुटत जातो, आणि हे जीएमनं भाषण न देता फासेच दाखवतात. तिसऱ्या सवयीनंतर खेळाडू घरी जायला कारणं शोधायला लागतो, मोहिमा मागून घेतो. तो स्वतःहून म्हणेल, 'घरी जाऊन काय करू ओ, तिकडं मला वजाच आहे.' तसं म्हटलं की समजा नियम लागू पडला.

सवय पुसता येते, पण महाग. सलग दोन चौकोन घरी, एकाच माणसाच्या सोबतीनं, आणि त्या काळात बाहेरून आलेली एक हाक नाकारायची. मग घरातला वजा जातो. बाहेरचा अधिकही जातो. दोन्ही एकदम जायला हवेत. फक्त वजा घालवू दिलात तर ते औषध होतं, आणि प्रत्येक जण दोन रविवार गप्पा मारून शुद्ध होऊन येतो.

घरातल्या माणसांसाठी प्रत्येक हिरोला तीन पत्ते करा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद पुरतो. वर नातं, खाली त्या माणसाला काय हवंय आणि कुठल्या नक्षत्रापर्यंत. 'आक्का. लेकीच्या लग्नाला मामा उभा पाहिजे. उत्तराषाढा.' 'आजी. डोळ्याला दिसत नाही, कुणीतरी नदीवर न्यावं. मृगाच्या आत.' तारीख नसलेला पत्ता मेलेला समजा. 'बायकोवर फार प्रेम आहे' असं लिहून काही चालत नाही.

तारीख चुकली तर पत्ता फाडायचा नाही. त्यावरचं वाक्य बदलायचं. लग्न झालं, मामाच्या जागी शेजारचा उभा राहिला, आणि आता आक्का त्याला राखी बांधते. पोरगं काकाला 'बा' म्हणतं. कुणी मेलेलं नाही, कुणी शापही दिला नाही. ती जागा भरून निघाली, एवढंच. खेळाडूंना हे मरणापेक्षा जास्त लागतं, कारण बदला घ्यायला समोर कुणी नसतं. म्हणूनच बायको-पोरं मारून हिरोला पेटवायची सवय सोडा. त्यानं हिरोला किंमत पडत नाही, उलट कारण मिळतं आणि तो मोकळा होतो.

इथे एक ठरलेली अडचण येते. दोन-तीन महिन्यांत खेळाडू हुशार होतात आणि नवा हिरो अनाथ लिहून आणतात. आई नाही, बाप नाही, गाव जळालेलं. तुम्ही घेणार काय! त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी नियम बरोबर वाचला. उपाय असा की पत्त्यानं फायदाही द्यावा. प्रत्येक पत्ता सेशनमध्ये एकदा फासा पुन्हा टाकू देतो, खेळाडूनं त्या माणसाची एक आठवण दोन वाक्यांत सांगितली तर. तीन पत्ते, तीन वेळा. अनाथ हिरोला एकही नाही. गणित पटलं की आया-आज्या आपोआप परत येतात.

नावलौकिकाचंही असंच. गाव वाचवलं की पुढच्या सेशनला दोन गावांचे लोक दारात. दोघांकडे एकाच चौकोनात जाता येत नाही. जिथं गेला नाहीत त्या गावाचं नाव शीटच्या मागच्या बाजूला लिहायचं, खोडायचं नाही. बाकी कीर्तीवर फार नियम करू नका, एवढी यादीच पुरते.

सुरू करण्यापूर्वी एक काम मात्र टाळू नका. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या, टेबलावर काय आलेलं चालणार नाही ते नाव न घालता लिहायला सांगा, आणि त्या सगळ्या पाळा. आपल्या भागात शेत, कर्ज आणि गळफास हा कल्पनेतला विषय नव्हे. चवळीची वाटी मांडलीत की तो दारात उभा राहतोच, म्हणून आधी विचारायचं. तसंच मुलगी देवाला सोडणं. सौंदत्तीच्या इतक्या जवळ राहून, 1982 ला कायद्यानं बंद करावी लागलेली गोष्ट काळ्या जगाची सजावट म्हणून वापरू नका. चिठ्ठीत कुणी लिहिलं नसलं तरी नको.

आणि प्रमाण सांभाळा. तीन तासांत जास्तीत जास्त दोन किमती वसूल करा. एक दिसणारी, एक मागाहून कळणारी. दर तिसऱ्या सेशनला काहीतरी टिकू द्या: विहिरीला पाणी लागलं, गाय व्याली, कुणाच्या तरी पत्त्यावरची तारीख वेळेत पाळली गेली. याला बक्षीस म्हणू नका आणि संगीतही वाजवू नका. ते टिकलं नाही तर पुढच्या वेळी काढून घ्यायला तुमच्याकडे काही उरत नाही, एवढं सरळ कारण आहे. जे जीएम सलग सहा सेशन सगळं जाळतात, त्यांचे खेळाडू सातव्याला मोबाइल बघतात.

शेवट दोन प्रकारे होतो. हिरो मेला तर पंधरा मिनिटं खेळ थांबवा आणि वीरगळ काढा. एका खेळाडूनं खालची चौकट, काय घडलं. दुसऱ्यानं मधली, त्याला कोण घेऊन जातंय. अप्सराच पाहिजेत असं काही नाही. तिसऱ्यानं वरची. मेलेल्या हिरोचा खेळाडू चित्र काढत नाही. तो रक्ताची जमीन कोण कसणार हे ठरवतो आणि वाटीतले उरलेले दाणे त्या माणसाच्या हातात देतो.

जगला आणि तीन सवयी भरल्या, किंवा हात कायमचा गेला, तर खेळाडूला निवृत्तीची मुभा द्या. जबरदस्ती नको. निवृत्त हिरोचा दगड काढायचा नाही. त्याची शीट फाडा आणि त्या खेळाडूच्या नव्या हिरोला, मुलगा असो, भाची असो की शेजारचं पोर, तीन पत्त्यांतला पहिला पत्ता हा लिहून द्या: 'बा. अंगणातच झोपतो. कडक भाकरीच खातो. पेरणीला कुणीतरी बैल धरायला पाहिजे. हस्त.'